वेरु

तपासणीच्या टेबलावर टॉवेल येतो
तेव्हा मागाची ऊब असते त्याच्यात अजून.
ट्यूबखाली पसरायचा, पालथा करायचा,
लवेवरून तळहात फिरवायचा.
सुटलेला धागा, वाकडा काठ, तेलाचा ठिपका:
वेगळा.
डावीकडच्या ढिगात.
दिवसाला आठशे नग, आणि तोंडात हा एकच शब्द.
पोरगं विचारतं, आई, झोपेत कुणाला वेगळं काढतेस?

मे महिन्यात, डबे उघडताना, मी सांगून टाकलं.
आम्ही वेगळे निघतोय.
भांडण नाही तसं.
म्हणजे आहे, पण ते एका कुकरवरनं.

राजव्वा येमूलनं कात्री खाली ठेवली नाही.
वेरु कापुरम, म्हणाली,
आणि स्वतःशीच हसली.
काय गं?
काही नाही. आमच्यात वेरु म्हणजे वेगळं.
आणि वेरु म्हणजे झाडाचं मूळ.
एकच शब्द?
एकच. शब्द कमी पडले असतील आमच्या लोकांना,
सूत भरपूर होतं.

नीलव्वा अक्कलकोटकडची. तिनं भाकरीचा घास धरून ठेवला.
आमच्यात बी तसंच की.
ब्यारे म्हणजे दुसरं, बेरु म्हणजे मूळ.
शेवटाला ओठ जरा गोल केले की
माणूस जमिनीत जातंय.

जैतुनबी सगळ्यांत थोरली.
हमारे में अलग तो अलग, जड तो जड.
झंझटच नै.
जुदा भी है, पण वो चिठ्ठी में लिखने का,
घर में कोन बोलता.

माझ्या भाषेची पाळी आली तेव्हा
मी पाणी प्यायले.
वेगळं. उकरून पाहिलं, खाली काही लागेना.
मग आठवलं, अलगद.
जैतुनबीचाच शब्द वाटतो, शेपटी लावलेला,
कुठून आला कोण जाणे.
बाळाला झोळीत ठेवतात तसं.
तसं निघता येतं का घरातून?
मी विचारलं नाही. भोंगा झाला.

चौघींच्या डब्यांत त्या दिवशी एकच भाजी होती.
माझी अंबाडी, नीलव्वाची पुंडीपल्ले,
राजव्वाची पुंटीकूर, जैतुनबीचा अंबाडा.
दात सगळ्यांचे सारखेच आंबले.

तहसीलात कारकुनानं अर्ज उलटा करून बघितला.
वेगळे निघालो, असं नाही लिहायचं, बाई.
विभक्त लिहा.
मी लिहिलं. आणि सातवीच्या वर्गातला तक्ता दिसला,
स ला ते, स ला ना ते,
पोरं माना हलवत म्हणायची.
एका शब्दाला दुसऱ्याचा हात धरायला लावणारी
ती एवढीएवढी अक्षरं, आणि त्यांचं नाव विभक्ती.
पाचवी वियोगाची, सहावी संबंधाची,
भिंतीला भिंत लागून.
तेव्हा बाईंना विचारलं नाही. आता कारकुनाला काय विचारू?
त्यानं शिक्का मारला. फोटो दोन लागतात म्हणाला.

विडी घरकुलात खोली मिळाली. पत्रा तापतो.
डावीकडच्या ढिगातला माल गेटवर किलोनं विकतात,
त्यातले तीन टॉवेल मी घेतले.
एकाच्या काठाला धागा लोंबतो.
मीच काढला होता तो वेगळा, ओळखू आला.
कापला नाही. ओढला तर अख्खी ओळ उसवेल.

पहिल्या रविवारी राजव्वा आली,
हातात अंबाडीची पेंढी, मुळांना ओली माती.
बसली नाही, खाली रिक्षा उभी होती.
जिन्यातून वळून पेंढीकडे बोट केलं,
वेरु, वेरु, म्हणाली, आणि उतरली.

मुळं कापून टाक, म्हणाली,
की ही वेगळी ठेव?
की मलाच काही म्हणाली?

पेंढी अजून मोरीत उभी आहे,
बादलीत,
चार बोटं पाण्यात.